नुरा नावाचा पहिलवान

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मला जगात एकाच माणसाची भीती वाटायची, आणि तो माणूस जन्मालाच आलेला नव्हता. त्याचं नाव नुरा.

कुस्तीतलं ज्यांना कळतं ते इथेच हसतील. हसू द्या. बाकीच्यांसाठी सांगते. तू असा पड, मी असा उठतो, हे आधी आपसांत ठरवून दोन पहिलवान जी खोटी कुस्ती खेळतात तिला नुरा कुस्ती म्हणतात. हे आज मला माहीत आहे. तेव्हा मी सातवी पास सून होते, आणि सातवी पास असल्यामुळे कुणाला काही विचारायची मला सवय नव्हती.

माझं माहेर कोरीटचं. आमच्याकडे शेती आणि भजन. लंगोट बघितला तो दोरीवर वाळत घातलेला. सासर मात्र तापीकाठचं, प्रकाशाच्या बाजूचं, आणि घर कुस्तीवेडं. सासरे तालमीतले, हे तालमीतले, म्हैस ठेवायची तीसुद्धा यांच्या दुधासाठी. चैत्रात गावची जत्रा भरते, जत्रेत कुस्त्यांची दंगल होते, आणि दंगलीच्या आखाड्यातल्या मातीत घालायचं ताक आणि हळद आमच्या घरून जाते. हा घराचा मान. नदीकाठची माती चाळायची, तिच्यात तेल, लिंबू, हळद, ताक घालून उलथीपालथी करायची, म्हणजे पहिलवानाला खरचटलं तरी पिकत नाही. ताक मी घुसळायचं, हळद मी कुटायची आणि दंगलीच्या दिवशी घरात बसायचं. बायांनी आखाड्याकडे फिरकायचं नाही. आमचं ताक चालायचं, आम्ही चालत नव्हतो.

त्यामुळे मला कुस्ती कळायची ती फक्त कानांनी. ओट्यावर सासरे आणि त्यांचे सोबती बसत आणि मी आत भाकरी थापता थापता ऐके. कुठल्याशा गावाहून कुणी आला की हटकून सांगे, तिकडे नुरा व्हयनी. चार दिवसांनी दुसरा येई, तापीपलीकडच्या गावाचं नाव घेई आणि म्हणे, तिथेही नुराच. मी हिशेब केला: हा नुरा गावोगाव फिरतो, प्रत्येक जत्रेत असतो आणि कधीच हरत नाही, कारण तो हरला असं कुणी सांगतच नाही. हळूहळू मी त्याला चेहरासुद्धा दिला. काळाकुट्ट, मानेला घडी, मिशा कानापर्यंत, डाव्या पायात लोखंडी कडं. कडं कुठून आलं मला माहीत नाही, पण ते होतं.

खरं तर बोलण्याकडे नीट कान दिला असता तरी कळलं असतं. माणूस असता तर ओट्यावरचे लोक ‘नुरा उना’, म्हणजे आला, असं म्हणाले असते. ते म्हणत होते, ‘नुरा व्हयनी’, म्हणजे झाली. एवढ्या मिशांचा पहिलवान स्त्रीलिंगी कसा, हा प्रश्न सातवी पास बाईला पडू नये? नाही पडला.

त्या पहिल्या चैत्रात यांची कुस्ती गावच्याच जत्रेत ठरली. मी ऐकलं, नुरा व्हई. म्हणजे नुरा होणार. मी समजले, नुरा येणार. हातातली परात खाली ठेवली. नवं लग्न, हातावरची मेंदीही पुरती उतरलेली नाही, आणि नवरा त्या कडंवाल्याच्या तोंडी जाणार. मी देवीला नवस बोलले: यांनी नुराला पाडलं तर गूळ वाटीन. मंगळवारचे उपास धरले. उपासात मी काय मागत होते ते आठवलं की आजही मला हसू येतं. मी मागायची, देवी, त्याचा पाय मुरगळू दे, पण फार नको, त्यालाही आई असेल.

जत्रेच्या दिवशी माझ्या माहेरची माणसं कोरीटहून बैलगाड्या जुंपून आली. जावई कुस्ती खेळणार म्हणून सगळे मिशांना तेल लावून आलेले. संध्याकाळी आरोळी झाली, हे जिंकले, मोठी पितळी घागर बक्षीस मिळाली, आणि घागर खांद्यावर घेऊन ढोल वाजवत मंडळी दारात आली. ओट्यावर सासरे आपल्या सोबत्याला हलक्या आवाजात म्हणाले, नुरा व्हती ना. आणि दोघे हसले. मी दाराआड होते. मी गुळाची ढेप फोडायला घेतली.

यांच्या पाठीकडे माझं लक्ष गेलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. आंघोळीला बसले तेव्हा पाणी घालायला मीच होते. छातीला माती, हातांना माती, पाठ कोरी. मला केवढा अभिमान वाटला. नुरासारख्या राक्षसाशी लढून आले आणि पाठीला मातीचा कण नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घागरीत मी ताक भरलं. बक्षिसाच्या घागरीतलं ताक शेजारपाजारी वाटावं अशी हौस. पितळेत ताक ठेवलं की कळकतं, हे आमच्या कोरीटच्या म्हशीलाही ठाऊक असेल. मला नव्हतं. दुपारी सासूबाईंनी झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, “नुरानी घागर, ताकबी नुरा.” मी समजले, नुराची घागर यांनी जिंकून आणली असं त्या कौतुकाने म्हणताहेत. मी लाजले. सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि ताक नालीत ओतलं.

मग आली ती दुपार. मिरच्यांचा हंगाम सरत आला होता आणि आम्ही बाया लाल ढिगाभोवती बसून देठं तोडत होतो. विषय जत्रेचा निघाला. मी नवी सून, मान खाली घालून बसायची, पण त्या दिवशी मला राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले:

“मन्हा घरवालानी नुराले पाडं.”

सगळ्यांचे हात थांबले. मग एका म्हातारीने विचारलं, कोणाला पाडलं? मी म्हटलं, नुराला, तो कडंवाला, कधी न हरलेला. मी त्याच्या मिशांचं वर्णनही केलं. आणि त्या बाया जे हसायला लागल्या ते काही विचारू नका. तिखट हाताने डोळे पुसले, डोळे झोंबले म्हणून ओरडल्या, ठसका लागला, आणि ठसक्यातून पुन्हा हसल्या. एक तर ढिगावरच आडवी झाली. मीही हसले थोडी. सगळे हसताहेत म्हणजे आनंदाचीच गोष्ट असणार.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पोरं यांच्या मागे नुरा, नुरा करत फिरू लागली. मला नुराची काकू म्हणू लागली. मोठ्या जावेने मला स्वयंपाकघरात घेऊन एकदाचा अर्थ सांगितला, आणि मी चुलीपुढे बसून राहिले. मला वाटलं आता हे येतील आणि मला कोरीटला पोचवतील.

हे आले. हातपाय धुतले. माझ्यापासून थोडं अंतर ठेवून बसले आणि विचारलं, “तुले खरंच वाटनं?”

मी मान हलवली. खरंच वाटलं होतं. मंगळवारचे उपास केले होते तेही सांगितलं. गुळाचंही. त्याचा पाय फार मुरगळू नये असं मागितलं होतं तेही.

त्यावर ते हसतील असं मला वाटलं. नाही हसले. बराच वेळ चुलीतल्या राखेत काडीने रेघा ओढत बसले. मग म्हणाले, समोरचा आपला तालमीतलाच दोस्त, आपल्याहून भारी. तुझ्या माहेरची माणसं आली होती म्हणून त्याने लग्नाचा आहेर समजून कुस्ती सोडली. सगळ्यांना ठाऊक होतं, पंचांनाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं. “तूच एक राहिलीस,” म्हणाले, “जिला ठाऊक नव्हतं.”

घागर त्यांनी त्याच रात्री माळ्यावर टाकली, तोंड भिंतीकडे करून.

पुढच्या चैत्रात त्याच दोस्ताशी त्यांनी पुन्हा जोड मागून घेतली. या खेपेला मी नवस बोलले नाही, कुणासाठी काय मागावं तेच कळेना. आरोळी लवकर झाली, फारच लवकर. ढोल आमच्या घराकडे आला नाही. हे मागच्या दाराने आले आणि मोरीत पाटावर जाऊन बसले. मी तांब्या घेऊन मागे उभी राहिले आणि बघितलं तर मानेपासून कमरेपर्यंत पाठ मातीने भरलेली. ओली, पिवळट माती. माझीच हळद, माझंच ताक. वासावरून ओळखलं मी. कमरेशी एक पान चिकटलेलं होतं, लिंबाचं.

मी विचारलं, लागलं का. ते म्हणाले, लागलं. आणि हसायला लागले. लग्न झाल्यापासून मी त्यांना पोट धरून हसताना पहिल्यांदा बघत होते. हसता हसता म्हणाले, “आज खरा पडनू.”

मी त्यांची पाठ धुतली. हळूहळू धुतली. उगाच कशाला घाई करायची.

त्यानंतर ते किती हरले आणि किती जिंकले याची मोजदाद मी ठेवली नाही. पण नुरा कधी झाली नाही. दोस्त मंडळी म्हणत, तुझी बायको हसू करेल म्हणून घाबरतोस. पण गावाच्या हसण्याला ते घाबरत नव्हते, एवढं मला आतून ठाऊक होतं. त्यांना अडचण झाली होती ती एका वेडीची. सगळं खरं मानून उपास धरणारी वेडी.

आता आमची नात कुस्ती खेळते. माझ्या आखाड्याबाहेरच्या जन्माचं उट्टं तिने काढलं म्हणायचं. यांनीच तिला परसात माती टाकून शिकवलं, आणि पोर मॅटवर जायला लागली तेव्हा हे डोळ्यांनी अधू असूनही भिंतीला टेकून तिच्या पायांचा आवाज ऐकत बसायचे. पाय कसा पडला ते आवाजावरून सांगायचे. गेले ते. पोर मात्र थांबली नाही. तालुक्याला राहते, सकाळ-संध्याकाळ सराव करते, आणि दंगलींचा मोसम आला की गावोगाव खेळते. ते तिचं कामच आहे आता, जशी कुणाची नोकरी.

यंदाच्या चैत्रात आमच्याच गावच्या दंगलीत पोरींची मोठी कुस्ती ठेवली होती आणि जोड होती आमच्या नातीची. समोरची पोर दुसऱ्या जिल्ह्यातली, वजनाने तेवढीच पण ताकदीने उजवी. दंगलीच्या आदल्या दुपारी मी परसात घमेल्यात ताकात हळद कालवत होते आणि नात माझ्याशेजारी बसून लिंबं कापत होती. तिचा फोन वाजला. हात चिकट, म्हणून तिने तो आवाज मोठा करून जमिनीवर ठेवला.

माझ्या कानात यंत्र असतं. त्याची बॅटरी नेहमी संपलेली असते, असं घरात सगळ्यांना वाटतं. हा समज मी फार जपून ठेवला आहे.

फोन जोड लावणाऱ्याचा होता, म्हणजे कुणाशी कुणाची कुस्ती हे ठरवतो त्याचा. तो गोड बोलत होता. म्हणाला, ताई, उद्या वेळ संपेपर्यंत ओढा, बरोबरीत सुटू द्या, बक्षीस अर्धं अर्धं. परवा राज्याच्या सीमेपलीकडे तुमची दोघींची पुन्हा जोड आहे, तिथे अंग धडधाकट हवं. समोरची तयार आहे. आणि तुमचंच गाव आहे, तुमचंच नाव राहील. पोर म्हणाली, बघते.

फोन बंद झाला. ती लिंबं कापत राहिली. कापलेली लिंबं पुन्हा कापत होती.

तिचा बाप म्हणजे माझा मुलगा, जेवताना या विषयावर फार बोलतो. टीव्हीवर कुठल्यातरी खेळात कुणी पैसे खाल्ले, कुणी सुई टोचून घेतली असं दिसलं की त्याचे उपाय सुरू होतात. कॅमेरे लावा, तपासण्या करा, जन्माची बंदी घाला. मी नाही म्हणत नाही. करावं सगळं. चोराला कुलूप हवंच. पण मी घास चावता चावता विचार करते की दोघींनी हसत हसत ठरवलेली गोष्ट कोणता कॅमेरा पकडणार? पंच फार तर ओरडेल, कुस्ती करा नाहीतर खाली उतरा. त्या उगाच चार झटापटी करून दाखवतील.

मी घमेल्यात हात फिरवत म्हटलं, बॅटरी आज बरी आहे.

नातीने माझ्याकडे बघितलं. मग तिने सुरी खाली ठेवली. पैशांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, “मोठी माय, ती मन्हापेक्षा भारी शे. खरं खेळनू तर मी पडसू. आपला गावमा, आबास्ना आखाडामा, सगळास्ना समोर उताणी पडसू.”

एवढीशी होती तेव्हा पडल्यावर आधी आजूबाजूला बघायची, कुणी बघितलं का, आणि कुणी बघितलं असेल तरच रडायची. तोच चेहरा.

मी तिला पडू नको म्हटलं नाही, पड असंही म्हटलं नाही. मी तिला नुराची गोष्ट सांगितली. अर्धी तिला ठाऊक होती. कडं, मिशा, कळकलेलं ताक, मिरच्यांचा ढीग, हे आमच्या घरात प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी सांगतंच आणि मला हसून घ्यावं लागतं. पुढचं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते मोरीत घडलं होतं आणि तिथे आम्ही दोघंच होतो. पाठीवरची माती मी तिला सांगितली. लिंबाचं पानही.

ती म्हणाली, आबा हसले? पडून आल्यावर? मी म्हटलं, पोट धरून.

तिने कापलेली लिंबं घमेल्यात पिळली. परसात यांनी तिच्यासाठी खणलेला खड्डा अजून आहे. आता त्यात पपईचं झाड आलं आहे.

मला वाटतं मी इथेच थांबायला हवं होतं. पण स्वभाव जात नाही. उठता उठता तिला म्हटलं, “मी म्हतारी व्हई गयी, पन नुराले आजलोंग देखं नही. सकाय मी पहिली रांगमा बठसू. उना तर दखाडजो माले.” म्हणजे, आजवर मी नुराला बघितलेलं नाही, उद्या पहिल्या रांगेत बसते, आला तर मला दाखव.

ती उठली. घमेलं उचलून मातीकडे घेऊन गेली.

आता बायांना आखाड्याजवळ खुर्च्या मिळतात. मी पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसले, चष्मा पुसून घेतला, यंत्रात खरोखरची नवी बॅटरी घातली. लहान कुस्त्या झाल्या, मग पोरींची जोड पुकारली. दोघींनी माती हातात घेतली, कपाळाला लावली. समोरची पोर दिसायला गोड, खांदे मात्र बैलाचे.

आधी बराच वेळ काहीच झालं नाही. एकमेकींच्या मानेवर हात, डोक्याला डोकं, गोल गोल फिरणं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणीतरी म्हणालं, घ्या, नुरा. तो शब्द ऐकून मला पुन्हा तीच जुनी भीती वाटली, काळाकुट्ट, कडंवाला. फिरता फिरता पोरीचं तोंड माझ्याकडे झालं. तिने मला बघितलं. मी काही खूण केली नाही. पदर सावरून नीट बसले, एवढंच, पाहुणा यायचा असला की बसतात तशी.

मग ती वाकली आणि पाय धरायला आत घुसली. सगळी घुसली, हातचं काही राखलं नाही. समोरचीने वरून दाबलं. दोघी मातीत गेल्या. आमची निसटली, पुन्हा घुसली, एकदा तर तिने त्या बैलाला अर्धं उचललंही, आणि मी खुर्चीतून उठले, सुनेने मला ओढून बसवलं. तिसऱ्यांदा समोरचीने कमरेला मिठी घातली आणि उलटवलं. पाठ टेकली. पंचाने हात वर केला.

घरची पोर घरच्या आखाड्यात पडलेली. ती तशीच पडून आभाळाकडे बघत होती. मग समोरचीने हात दिला, ओढून उठवलं आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या.

घरी ती मागच्या दाराने आली. तिचं बाथरूम वर आहे, फरशीचं, पण ती सरळ परसातल्या जुन्या मोरीत जाऊन दगडावर बसली, आणि मी तांब्या घेऊन मागे गेले. माझे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून मी उभ्यानेच पाणी घालत होते. पाणी घालता घालता तिने सांगितलं की कुस्तीआधीच तिने त्या पोरीला सांगून टाकलं होतं, मी खरं खेळणार. ती म्हणाली होती, मग सांभाळ. जोड लावणाऱ्याचा फोनही येऊन गेला होता. सीमेपलीकडची जोड त्याने काढून टाकली. हे सांगताना तिचा आवाज जरा जड झाला. झाला तर झाला. जड गोष्ट आहे ती.

मानेपासून कमरेपर्यंत पाठ भरली होती. हळदीचा पिवळा रंग, ताकाचा आंबूस वास. खांद्यावर खरचटलं होतं, तिथे मी हात हलका केला.

थोड्या वेळाने ती मागे न बघता म्हणाली, “मोठी माय, नुरा दिखना का?”

मी म्हटलं, “नही वं. एवढी सजीसन बठनू, उनाच नही.”

तिचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडते आहे. मग तिने मान मागे टाकली, पोट धरलं, आणि तिचं हसू ऐकून माझ्या हातातला तांब्या निसटला. आबांचंच हसू ते.